बंद गिरणीचे सांस्कृतिक केंद्र करताना: कामाचा क्रम, कागदपत्रे आणि खाचखळगे

ज्यांच्या गावात एखादी जिनिंग-प्रेसिंग, सूतगिरणी, तेलगिरणी किंवा कारखान्याचे आवार वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून आहे आणि तेथे प्रदर्शनदालन, रंगमंच किंवा कलाकेंद्र व्हावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, रेल्वे स्टेशनालगतच्या बंद जिनिंगमध्ये आमच्या संस्थेने असे केंद्र उभे केले. ते करताना जी माहिती वेगवेगळ्या टेबलांवरून तुकड्यातुकड्याने गोळा करावी लागली, ती येथे एकत्र मांडली आहे. कायद्याचे संदर्भ महाराष्ट्रापुरते आहेत.

असे प्रकल्प बहुधा वास्तुविशारदाच्या रंगीत चित्रापासून सुरू होतात आणि तेथेच अडकतात. माझ्या मते क्रम असा हवा: जागा आधी कायद्याने हातात यावी, मग ती निर्विष व्हावी, मग कोरडी व्हावी आणि त्यानंतरच ती देखणी करण्याचा विचार व्हावा. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. लंडनचे बँकसाइड वीजकेंद्र १९८१ साली बंद झाले आणि त्याचे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय २००० साली खुले झाले. आपल्याकडे मुंबईत काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारातील महापालिकेच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाचे कामही वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्यानेच चालले आहे.

१. जमीन नेमकी कोणाची आहे, ते शोधा

गिरणीच्या फाटकावर ज्याचे नाव आहे त्याचीच सगळी जमीन असते, असे नाही. जुन्या जिनिंगच्या आवारात मालकीची जमीन, सरकारने अटींवर दिलेली जमीन आणि रेल्वेच्या सायडिंगची जमीन एकाच कुंपणात नांदत असते. म्हणून पहिली भेट तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयाला द्यावी. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे सर्वप्रथम पाहावे. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, विक्रीकराची थकबाकी किंवा न्यायालयाचा मनाई आदेश नोंदलेला असू शकतो. जुने फेरफार एकेक करून काढावेत, कारण जमीन कोणत्या कामासाठी दिली होती याचा उल्लेख बहुधा तेथेच सापडतो.

आवार एमआयडीसीत असेल तर प्रश्न वेगळा आहे. तेथे भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेला असतो, आणि वापरबदल असो वा पोटभाडे, दोन्हींसाठी महामंडळाची संमती लागते. मोठ्या शहरांच्या हद्दीतील जुन्या कारखान्यांबाबत आणखी एक पदर तपासावा. नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला असला, तरी त्याच्या कलम २० खाली औद्योगिक वापरासाठी दिलेल्या सवलतीची अट त्या जमिनीवर अजून असू शकते.

कंपनी बुडालेली असेल तर मालक म्हणवणाऱ्याशी बोलून उपयोग नाही. उच्च न्यायालयाचा शासकीय अवसायक (लिक्विडेटर), राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने नेमलेला दिवाळखोरी व्यावसायिक किंवा सहकारी गिरणी असल्यास सहकार खात्याने नेमलेला अवसायक, यांपैकी मालमत्ता आज कोणाच्या ताब्यात आहे, ते लेखी विचारावे.

कामगारांची देणी हा विषय येथेच हाताळावा, उद्घाटनाच्या दिवशी नव्हे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार परिसमापन (कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया) सुरू होण्यापूर्वीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने गणली जातात, आणि भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीला स्वतंत्र संरक्षण आहे. देणी फेडणे ही आपली कायदेशीर जबाबदारी नसेलही. परंतु ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्याच आवारात आपण चित्रप्रदर्शन भरवणार आहोत, याची जाणीव ठेवून युनियनच्या जुन्या पदाधिकाऱ्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवावे. आमच्याकडे जागेच्या सीमेचा एक वाद जुन्या मुकादमांनी पुरलेला दगड दाखवून मिटवला. मोजणीच्या नकाशात तो दगड होता, पण बाभळीखाली कोणाला दिसत नव्हता.

या टप्प्यावर जमवायची कागदपत्रे:

- सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि त्यावरील सर्व जुने फेरफार
- उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडून केलेल्या ताज्या मोजणीची ‘क’ प्रत
- वकिलाचा ३० वर्षांचा मालकी शोध अहवाल आणि सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) च्या प्रती
- अकृषिक परवानगीचा आदेश आणि अकृषिक साऱ्याच्या पावत्या
- नगरपालिकेचा मालमत्ता कराचा उतारा, पाणीपट्टी आणि जुन्या वीजजोडणीच्या थकबाकीचा दाखला
- विकास योजनेतील विभागाचा दाखला आणि भाग नकाशा
- कंपनी, संस्था किंवा गिरणी अवसायनात असल्यास संबंधित आदेशांच्या साक्षांकित प्रती

वीजबिलाच्या थकबाकीकडे विशेष लक्ष द्यावे. जागेवरची जुनी थकबाकी फेडल्याशिवाय नवी जोडणी देण्यास वितरण कंपनी नकार देऊ शकते, आणि कारखान्याची थकबाकी दुकानाच्या थकबाकीसारखी किरकोळ नसते.

२. संस्था आणि भाडेपट्टा

सार्वजनिक न्यास, १८६० च्या कायद्याखालील सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी, यांपैकी कोणताही साचा चालतो. हिशेबाची शिस्त पाळू शकेल असा माणूस ज्या साच्यात मिळेल, तो घ्यावा. प्राप्तिकराच्या १२अ (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदण्या लगेच कराव्यात, कारण कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेण्यासाठी सीएसआर-१ नोंदणी लागते आणि ती या नोंदण्यांवर अवलंबून असते. कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये वारसा, कला आणि ऐतिहासिक इमारतींचे पुनरुज्जीवन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो परिच्छेद अर्जात उद्धृत करावा.

विकत घेण्याचा हट्ट सहसा परवडत नाही. भाडेपट्टा करताना मुदतीचा विचार मुद्रांक शुल्काच्या अंगाने करावा. राज्याच्या नियमानुसार ५ वर्षांपर्यंतच्या पट्ट्यावर बाजारमूल्याच्या १० टक्के, १० वर्षांपर्यंत २५ टक्के, २९ वर्षांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ९० टक्के रकमेवर शुल्क आकारले जाते. नूतनीकरणाची अट घातली असेल तर ती मुदतही मोजली जाते, म्हणून मसुद्यातील ते एक वाक्य फार महाग पडू शकते. जागा एखाद्या न्यासाची असल्यास, तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या पट्ट्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर आपण केलेला सगळा खर्च वाऱ्यावर जातो. इमारतीत केलेली सुधारणा मुदतीअखेर कोणाची आणि मोडलेल्या सामानावर हक्क कोणाचा, या दोन गोष्टी पट्ट्यात शब्दशः लिहून घ्याव्यात.

३. वापरबदलाची परवानगी

भिंतीला हातही न लावता केवळ कारखान्याऐवजी प्रदर्शनासाठी जागा वापरणे, हेदेखील १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार ‘विकास’ ठरते आणि त्याला परवानगी लागते. आपला भूखंड विकास योजनेत औद्योगिक विभागात असेल तर एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत सांस्कृतिक वापर कोणत्या अटींवर बसतो, हे नगररचनाकाराकडून लेखी घ्यावे. काही वेळा सुविधा भूखंड (सार्वजनिक सोयींसाठीची जागा) सोडावा लागतो, आणि काही वेळा त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली आरक्षण किंवा विभाग बदलण्याचा प्रस्ताव शासनाकडे जातो. त्यात हरकती-सूचनांचा काळ धरून चालावे.

इमारत वारसा यादीत आहे का, तेही पाहावे. यादीतील नाव म्हणजे संकट, असा समज आहे, पण आमच्यासारख्या कामाला तो अनुभव उलटा येतो. यादीत असलेल्या इमारतीला पाडण्यापासून संरक्षण मिळते आणि जुन्या बांधकामाला नव्या नियमांच्या काही अंतरांतून सूट मागता येते.

४. आवार निर्विष करणे

येथे पैसे वाचवू नयेत. जुन्या आवारात विष दिसत नाही, म्हणून ते नाही असे वाटते.

छपरावरचे करडे सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते जागेवर शाबूत असताना फारसा त्रास देत नाहीत. फोडले, कापले किंवा त्यांना ड्रिलने भोके पाडली की तंतू हवेत सुटतात. म्हणून पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट कापून, अख्खेच्या अख्खे उतरवावेत, योग्य श्वसनमुखवट्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये आणि तुकडे गावच्या उकिरड्यावर टाकू नयेत. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची केंद्रे आहेत. तेथे माल पाठवल्याची पावती जपून ठेवावी, कारण पुढे निधी देणारे ती मागतात.

जिनिंगमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी बाहेरच्या सल्लागारांना ठाऊक नसते. दुहेरी रोलरच्या रेच्यांवर (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर) क्रोम चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्या झिजेतून क्रोमियमयुक्त भुकटी पडते. रेच्यांखालची माती आणि फटींतील धूळ प्रयोगशाळेत तपासून घ्यावी, आणि ती झाडूने उडवण्याऐवजी शोषकयंत्राने काढावी. जुन्या रोहित्रांतील तेल, जमिनीखालच्या भट्टीतेलाच्या टाक्या, शिशाचा रंग आणि आवारातील विहिरीचे पाणी, या चार गोष्टींची तपासणी त्याच फेरीत उरकावी. कबुतरांच्या विष्ठेचे थर कोरडे खरवडणे फुप्फुसांना धोक्याचे असते, म्हणून तेही आधी भिजवावेत.

छताच्या कैच्यांवर साचलेले तूस, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. गॅस कटरची एक ठिणगी त्या तुसात पडली तर ज्वाळा लगेच दिसत नाही. ते आतल्या आत धुमसत राहते आणि कामगार घरी गेल्यावर पेटते. त्यामुळे तूस पूर्ण काढल्याशिवाय वेल्डिंग किंवा कटिंगला परवानगी देऊ नये आणि काम संपल्यावरही काही तास माणूस राखणीला बसवावा.

५. भंगारवाला येण्याआधी नोंद

अवसायक यंत्रे किलोच्या भावाने विकतो. आपण इमारत वाचवतो आणि ती इमारत ज्यासाठी बांधली गेली ती यंत्रे मात्र ट्रकने निघून जातात, असे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी झाले आहे. म्हणून लिलावाच्या यादीतून किमान एक पूर्ण संच, म्हणजे रेचा, त्याचा पट्टा, दांडा आणि शक्य असल्यास दाबयंत्र, वेगळा काढून ठेवण्याची लेखी विनंती वेळेत करावी. आमच्या रेच्यावर गंजाखाली इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीची ओतीव पाटी निघाली. ती सँडपेपरने घासण्याचा मोह टाळून फक्त केरोसीन आणि मऊ ब्रशने साफ केली, त्यामुळे मूळ रंगाचा हिरवा थर शिल्लक राहिला. पर्यटक तिचेच फोटो काढतात.

यंत्राइतकीच महत्त्वाची नोंद माणसांची. साचेवाला, जॉबर, बदली कामगार, रेच्यावर कापूस टाकणाऱ्या आणि सरकी उचलणाऱ्या बाया, हमाल, तोलाई करणारे, या सर्वांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्या शक्यतो आवारातच घ्याव्यात. यंत्र कुठे होते, भोंगा किती वाजता व्हायचा, पाळी बदलताना रांग कोठपर्यंत जायची, हे जागेवर उभे राहिल्यावर आठवते. बायकांना स्वतंत्रपणे भेटावे, कारण हजेरीपटावर त्यांची नावे सापडतीलच याची खात्री नसते. मुंबईच्या गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांच्यापैकी जे आज आहेत ते वृद्ध आहेत, आणि लहान गावांतील गिरण्यांचे कामगारही त्याच वयाचे आहेत. इमारतीची डागडुजी पुढच्या वर्षावर ढकलता येते, मुलाखती ढकलता येत नाहीत.

इमारतीचा मोजमापासह नकाशा, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र आणि जुनी हजेरीपुस्तके, वजनाच्या चिठ्ठ्या, पाट्या यांची यादी याच टप्प्यात करावी.

६. पाणी बाहेर, मग सजावट

विणकाम विभागाची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असतात आणि त्यांची काचेची बाजू उत्तरेकडे असते, जेणेकरून थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा. हा उजेड पाहून कलाकार हरखतात, आणि गळती नेमकी त्याच छपरात होते. दोन दात्यांच्या मधल्या पन्हळीत पाला, पिसे आणि तूस अडकले की पाणी मागे फुगून भिंतीत उतरते. पन्हळी नव्याने करताना उतार वाढवावा, उतरत्या नळाचा व्यास वाढवावा आणि प्रत्येक पन्हळीला तुंबल्यास पाणी बाहेर फेकणारे वेगळे तोंड ठेवावे. एक संपूर्ण पावसाळा जाऊ द्यावा आणि गळती थांबल्याची खात्री झाल्यावरच आतल्या कामाला हात घालावा. ठेकेदार दिवाळीआधी रंगकाम उरकण्याचा आग्रह धरेल, धरू द्यावा.

चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देणे हा सर्वाधिक दिसणारा दोष आहे. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवते, आणि काही वर्षांत गिलाव्यामागची वीट भुगा होते. दर्जाभरणी (विटांमधल्या सांध्यांची भरणी) चुन्यातच करावी. चुना मळणारा गवंडी आपल्या तालुक्यात नसेल, तर तो शोधण्यासाठी वेळ काढावा.

बिडाचे खांब दाबाखाली भक्कम असतात, पण आडव्या ताणाला ठिसूळ ठरतात आणि त्यांवर वेल्डिंग भरवशाचे होत नाही. दिवे, पडदे किंवा पोटमाळा त्यांना टांगायचा असेल तर पकडपट्ट्या वापराव्यात, आणि पोटमाळ्याचा भार स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर न्यावा. संरचना लेखापरीक्षण करणाऱ्या अभियंत्याला जुन्या चुना-विटांच्या कामाचा अनुभव आहे का, हे त्याचा दर विचारण्याआधी विचारावे. चिमणीसाठी तडे, झुकाव आणि वीजवाहक यांची वेगळी तपासणी करावी. तिच्यावर आग्या मोहोळ असेल तर ढोलताशांचा कार्यक्रम त्या बाजूला ठेवू नये.

७. आधी वापरून पाहा

पूर्ण नूतनीकरणाची वाट न पाहता, सुरक्षित केलेला एक भाग तात्पुरत्या परवानगीने वापरावा. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकमध्ये भरलेल्या कलाप्रकल्पात मासळीचा वास, बर्फाची वर्दळ आणि कोळी समाजाचा दिवसभराचा व्यवहार तसाच चालू होता आणि प्रदर्शन त्याच्या अंगाखांद्यावर उभे राहिले. कोचीचे ॲस्पिनवॉल हाउस हे जुन्या व्यापारी कंपनीचे गोदामांचे आवार २०१२ पासून बिनालेचे, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाचे, मुख्य स्थळ झाले.

ब्राझीलमधील साओ पावलोत लीना बो बार्दी या वास्तुविशारद लोखंडी पिंपांच्या बंद कारखान्यात पाहणीला गेल्या, तेव्हा मुले तेथे आधीच खेळत होती आणि कुटुंबे वेळ घालवत होती. त्यांनी कारखाना पाडला नाही आणि लोकांची ती सवयही मोडली नाही. ते केंद्र, सेस्क पोंपेया, १९८२ साली खुले झाले. त्याच वर्षी आपल्याकडे गिरण्यांचे भोंगे थांबत होते. आपल्या आवारात आज कोण येते, मुले क्रिकेट खेळतात का, बाया सरपण नेतात का, पहाटे कोणी फिरायला येते का, हे पाहावे आणि त्यांना बाहेर काढून कुंपण घालण्याआधी विचार करावा.

८. आग, वीज आणि परवाने

कारखान्याचे दरवाजे बहुधा सरकते असतात. ते दिसायला सुंदर असतात, परंतु गर्दीच्या इमारतीत बाहेर पडण्याचा दरवाजा बाहेरच्या दिशेने उघडणारा लागतो; म्हणून सरकता दरवाजा जागेवर ठेवून शेजारी नवा करावा लागतो. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवल्याचे प्रपत्र ‘अ’ घ्यावे आणि ती चालू स्थितीत असल्याचे प्रपत्र ‘ब’ दरवर्षी जानेवारी आणि जुलैत सादर करावे. वीजमांडणी पूर्ण नवी करावी आणि विद्युत निरीक्षकाची तपासणी करून घ्यावी. नाट्यप्रयोगांसाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, कार्यक्रमस्थळासाठी पोलिसांचा परवाना, वाजवल्या जाणाऱ्या संगीताच्या हक्कांचे परवाने आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हे ठरलेले आहे. उतार, कठडे आणि चाकाच्या खुर्चीला पुरणारी स्वच्छतागृहे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे आवश्यक आहेत. स्त्रियांच्या स्वच्छतागृहांची संख्या वाढवावी, कारण जुन्या कारखान्यांत त्यांचा विचार फारसा झालेला नसतो.

९. उजेड, दमटपणा, आवाज

कापड, कागद आणि जलरंगचित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू नये, तैलचित्रांना १५० ते २०० चालतो. उत्तरेच्या काचेखाली दुपारी त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. त्यामुळे मोठे शिल्प, यंत्रे आणि कार्यशाळा उघड्या शेडमध्ये ठेवाव्यात आणि नाजूक वस्तूंसाठी शेडच्या आत बंदिस्त खोली बांधावी, जिचा दमटपणा वेगळा राखता येतो. पत्र्याखाली उष्णतारोधक थर घातला तर वैशाखातला ताप कमी होतो आणि पावसाचा आवाजही. मात्र मुसळधार सरींत नाटक ऐकू येईल, ही आशा ठेवू नये. पावसाळ्यात प्रदर्शने आणि कार्यशाळा ठेवाव्यात, आणि नाटक-संगीत थंडीत.

१०. चालवण्याचा खर्च

निधी देणारे छपरासाठी पैसे देतात, वीजबिलासाठी देत नाहीत. म्हणून उद्घाटनाआधी तीन वर्षांचा चालू खर्च कागदावर मांडावा. उत्पन्नासाठी सभागृहभाडे, कलाकारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, उपाहारगृह आणि चित्रीकरण हे मार्ग आहेत. लग्नाचे भाडे मोठे असते आणि मोहही मोठा असतो. पण दोन हंगामांत केंद्राचे मंगल कार्यालय होते, भिंतींना मांडवाचे खिळे लागतात आणि शेजारी ध्वनीच्या तक्रारी करू लागतात. शिवाय सार्वजनिक उपयोगितेच्या उद्देशावर नोंदलेल्या संस्थेच्या व्यापारी स्वरूपाच्या प्राप्तीला प्राप्तिकर कायद्यात एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून लेखापालाला आधी विचारावे.

पन्हळींची सफाई मे महिन्यात आणि पुन्हा गणपतीआधी करावी, आणि तिचा मेहनताना अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवावा. इमारतीचा विमा घेताना पॉलिसीत वापर ‘कारखाना’ असाच राहिलेला नाही ना, ते पाहावे. वापराची नोंद चुकीची असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. येणाऱ्या पाहुण्यांच्या अपघाताचा, आणि उसन्या आणलेल्या कलाकृतींचा विमा वेगळा काढावा लागतो.